लुपिनचं बी

त्या उन्हाळ्यात आम्ही पोरं
खिशात बी भरून डोंगर चढायचो.
काळी रेती, वाऱ्यानं उडून चाललेली.
सरकारी माणूस म्हणाला, हे निळं फूल जमीन धरून ठेवेल.
धरलीच की त्यानं.
काही वर्षांत हूसाविकवरचा अख्खा उतार निळा,
मग ओढ्यापलीकडे,
मग जिथे कोणीच पेरलं नव्हतं तिथेही.
बेरीची झुडपं खाली घुसमटून गेली.

डॉक्टर ब्रांडुर पडद्यावर माझा कणा दाखवतो.
एका मणक्यात, कमरेच्या हाडात दोन जागी
उजेड.
"स्तनातलंच आहे. रक्तातून आलं."
हाडातच का? एवढं अंग पडलं होतं.
"निघतात हजारो, बहुतेक वाटेतच मरतात," तो म्हणतो,
"माती मानवली तरच रुजतात."
हे मला कोणी शिकवायला नको.

नऊ वर्षांपूर्वी गाठ काढली
तेव्हा सगळं निघालं म्हणाले होते.
लुपिन उपटल्यावर आम्हीही तेच म्हणायचो,
आणि बी खाली गप्प पडलेलं असायचं,
घाई नसल्यासारखं.

आता दर तीन आठवड्यांनी अकुरेरी, खिडकीजवळची खुर्ची.
साल्व्होर पिशवी टांगते.
मागचं औषध म्हणजे वणवा होता,
जे वाढताना दिसेल ते जाळ:
केस, जीभ, पोटाचं अस्तर.
हे तसं नाही, ती सांगते.
इतर पेशींना कान मोजकेच,
यांना अंगभर फुटलेत,
रात्रंदिवस एकच ऐकतात: वाढ, वाढ.
हे औषध त्या कानांत बोळे घालतं.
मला हसू फुटतं.
आमच्या ओडगेइरला चाळीस वर्षं
बोळ्यांशिवायच ऐकू येत नाही.
"आणि मग बरी होईन?"
साल्व्होर नळीतले थेंब मोजत राहते.
"थोपवू," ती म्हणते. "बघू किती."

जुलैत, शेंगा धरायच्या आत,
गाव लांब दांड्यांचे विळे घेऊन निघतं.
अख्खा डोंगर परत मिळायचा नाही, सगळ्यांना माहीत आहे.
वाटेच्या अलीकडचा तुकडा तेवढा राखायचा,
जिथे अजून बेरी येते.
मला विळा उचलायची बंदी.
मी दगडावर बसून हात करते:
डावीकडे, ओडगेइर, डावीकडे राहिलंय!
तो आपल्याच तालात कापत पुढे जातो.

मागे एक पट्टा उभा राहतो.
खोटं कशाला बोलू,
सुंदर दिसतो.