झडती

चौतीस वर्षं संध्याकाळी
प्रेसच्या गेटवर हात वर करून उभा राहिलो.
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं.
वॉचमन तुपे चपलेतसुद्धा बोट फिरवायचा,
मग म्हणायचा, चला.
कागदाची कपचीही बाहेर येत नसे.
तसं काही आणावंसं वाटलंही नाही कधी.

माझं काम बघण्याचं.
शीट उजेडात धरायची,
रेघ केसभर सरकली असेल तर लाल फुली.
फुली मारलेलं पुढे कुठे जातं
ते आम्ही विचारत नसू.

आता साडेतीनला जेल रोडवर,
पिठाच्या चक्कीला लागून
फिलोमिना भालेराव यांचं आठ बाय सहाचं दुकान.
त्या मशीन थांबवत नाहीत,
पायानेच खोकं माझ्याकडे सरकवतात.
आत दिवसभराची कात्रणं.

कात्रणांना आकार असतो
हे मला साठीनंतर कळलं.
ही चंद्रकोर काखेची.
हे पान गळ्याचं,
एवढं कापड गेलं
म्हणून तिथे गळा मावला.
मी जे खिशात भरतो
ते बायकांच्या अंगावर कुठेच नसतं.

घरी फूटपट्टी, टोकदार पेन्सिल.
पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन,
नऊ जोडले की एक ठोकळा,
तळहातावर ठेवला तर बोटं मोकळी राहतात.
शालन विचारते, बाळाची गोधडी का?
नाही.
मग बाहुलीची?
नाही.
मग उंदराची, म्हणते, आणि भाजीकडे वळते.

पहिल्या ठोकळ्यात
चार कोपरे एका टिंबावर येईनात.
अर्धा दोरा इकडे, अर्धा तिकडे.
मी तीनदा उसवलं.
चौथ्यांदा कापडच विरलं.
तिने चष्मा न लावता हातातून घेतलं,
अहो, कागद नाही हा. जरा ओढा. येतं ते.
आणि आलं.
मी भिंगाखाली धरलं: नव्हतं आलेलं.
पण भिंग काढल्यावर आलेलं होतं.

परवा बिटकोला बसथांब्यावर
एक बाई उभ्या होत्या, डाळिंबी ब्लाउज, मोहरी रंगाची पायपिंग.
माझ्या चौथ्या ठोकळ्याचा मधला चौकोन!
इतका आनंद झाला की पुढे सरकलो,
आणि मग सुचेना म्हणावं काय.
बाई, तुमच्या काखेतलं अर्धं बोट कापड
माझ्या घरी आहे, फार नीट बसलंय?
सिन्नरची गाडी आली.
मी उगाच शेजारच्या गाडीवरचे पेरू दाबत राहिलो,
पेरूवाला म्हणाला, काका, घ्यायचेत का नुसतेच.

सहाव्यात एक पांढरा आहे, निळसर झाक असलेला.
तो ब्लाउज शिवून झाला पौषात,
अजून दुकानात खिळ्याला लटकतो.
चिठ्ठीवरचा नंबर लागत नाही.
फिलोमिनाबाई महिन्यातून एकदा
तो झटकतात, इस्त्री करतात, परत टांगतात.
मी त्यांना काही विचारलं नाही.
तो चौकोन कडेला लावला होता,
मग काढून आत घेतला.
का, ते सांगता येणार नाही.

एकतीस झालेत.
फरसाणाच्या डब्यात ठेवतो.
एकमेकांना जोडायचे की नाही ते ठरत नाही,
जोडले की त्यांचं काहीतरी होईल,
आणि ज्याचं काहीतरी होतं
ते कोणीतरी पांघरतं, धुतं, वाळत घालतं.
थंडी मात्र यंदा जोरात आहे,
सकाळी सुईत दोरा ओवायला
बोटं चहाच्या कपावर शेकावी लागतात.

सातला घरी येतो.
भोंगा कानात वाजतोच अजून,
दारातच हात आपोआप खिशाकडे जातात,
अस्तर बाहेर, दोन्ही बाजूंनी.
पायरीवर हिरवे-पिवळे धागे सांडतात.
शालन कमरेवर हात ठेवून उभी.
डावा पण दाखवा.
त्यातून एक जांभळं कात्रण निघतं,
जरीची कड, दीड इंच.
ती ते उजेडात धरते,
उलटं करते, कडेला ओढून बघते,
आणि पदराच्या टोकाला गाठीत बांधते.
हे जप्त, म्हणते.
चला.