एकशे अडतीस पौंड

नदी कागदोपत्री वेस्ट व्हर्जिनियाची,
पूर मात्र ओहायोलाही सोडत नाही.
आज पुलावरून बस आली, चौदा पोरं,
निळी हुडी, फुललेले कान, कोरडे ओठ.

मी टेबलाशी, घड्याळावर.
सव्वीस वर्षं शाळेची बस हाकली,
आता दोन-दोन मिनिटं मोजते.

हरलं तर काय जातं? काही नाही.
हंगाम मार्चातच संपला.
एक टी-शर्ट, रात्री चर्चच्या तळघरात स्पॅगेटी.
तरी आमचा रोमन पाव्हलिक
कालपासून पाण्याला शिवलेला नाही.

समोर डेलबर्ट, माझ्या बहिणीचा.
ती लग्न करून पुलापलीकडे गेली
तेव्हापासून तिचं सगळं ओहायोचं:
नंबरप्लेट, कर, हा मुलगा.
उन्हाळ्यात दोघं एकाच गॅरेजात टायर बदलतात.

तिसरा डाव. रोमननं पट काढला.
एका पायावर लंगडी घालत डेलबर्ट
थेट माझ्या टेबलापर्यंत आला
आणि माउथगार्ड चावत म्हणाला,
"मावशी, किती राहिले?"

बोर्डावर आकडे होतेच, लाल, सगळ्यांना दिसणारे.
घड्याळवालीनं बोलायचं नसतं.
"नऊ," मी म्हटलं.

पाठ टेकली नाही त्यानं.
हरला, सहा-दोन, पण चीत नाही झाला.
पंचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बस.

दिवे अर्धे विझल्यावर मॅट गुंडाळली.
दोघं एकाच टोकाला.
मधली चिकटपट्टी काही केल्या निघेना,
रोमननं दातांनी ओढली.