यादीत नसलेली माती

मी शिडीवाला.
लोकांचे संसार एका खिडकीतून काढतो
आणि दुसऱ्या खिडकीतून आत घालतो.
फ्रीज, पलंग, एकदा पियानो,
एकदा नुसता पोपटाचा पिंजरा. रिकामा.
मालक तो कुणाच्या हातात देईना.

इंचॉनच्या त्या चढावर एकच दार उघडं उरलं होतं.
बाकीच्यांवर लाल फुल्या,
खाली पोकलेन मान टाकून उभा.

मी यादी करत होतो : कपाट एक, गाद्या दोन,
किमचीचा फ्रीज एक, दार दोरीनं बांधलेलं.
"आणि माती," माल-सुन आजी म्हणाली.
मातीला आमच्या यादीत रकाना नाही.
मी 'इतर'मध्ये लिहिली.

तेवीस खोकी. थर्माकोलची,
मासळीबाजारात बर्फासकट येतात ती.
अंगावर शिक्का तसाच : ताजा बांगडा.
आत मिरच्या, लेट्यूस, कांद्याची पात.
शिवाय एक लाल रबरी घमेलं, त्यातला भोपळा
जिन्याचा कठडा सोडून विजेच्या खांबावर गेलेला.
त्याची समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

"दोन दिवस पाणी घालू नका," मी बजावलं होतं,
"कोरडी माती हलकी असते."
तिनं मान डोलावली होती.
सकाळी बघतो तर सगळी खोकी थबथबलेली.
"प्रवासाला निघालेल्याला
उपाशी कसं धाडायचं?"
यावर उत्तर माझ्या कमरेनं दिलं,
रात्री, एकटीनं.

नवी इमारत, चौदावा मजला.
शिडी टेकवली, फळी वर सोडली.
ती खाली उभी, मान मागे, ओठ हलतायत.
मला वाटलं, जप.
जवळ गेलो तर मोजत होती.

एकविसावं नवव्या मजल्यापाशी कोपऱ्यात फुटलं.
ओंजळभर माती थेट रखवालदाराच्या टोपीवर.
तो तोंड उघडणार, एवढ्यात
"हलू नका," ती म्हणाली,
टोपी अलगद उतरवली
आणि एप्रनच्या खिशात झटकली.
तो हललाच नाही. टोपी परत मिळाल्यावरसुद्धा.

जेवताना तिनं नावाचा अर्थ सांगितला.
माल-सुन म्हणजे ही शेवटची, आता पुरे.
चौथ्या मुलीनंतर बापानं घातलेलं कुलूप.
"लागलं नाही," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर आणखी दोघी आल्या."
आणि माझ्या भातावर एक हिरवी मिरची ठेवली,
सकाळी खाली तोडलेली, दुपारी वर खाल्लेली.

बाल्कनीचं तोंड समोरच्या इमारतीत खुपसलेलं.
ऊन दीड तास, तेही काचेतून गाळून.
ती बराच वेळ काचेला हात लावून राहिली.
मग विचारलं, "रोज दुपारी ही खाली आणून
संध्याकाळी वर नेशील? महिन्याचे किती?"
चेष्टा नव्हती.
मीही हिशेब केला : डिझेल, एक माणूस, शिडीची झीज.
आकडा ऐकून म्हणाली,
"एवढ्यात तर मिरच्या विकत येतील,"
जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं सुचवलं होतं.

ऑगस्टमध्ये त्याच वसाहतीत दुसरं सामान होतं.
खेळाच्या मैदानाकडेनं ती येत होती, बाबागाडी ढकलत,
उन्हाचा तुकडा सरकेल तशी दोन पावलं, मग थांबा.
एक तरुण आई कौतुकानं वाकली,
छत बाजूला केलं,
आणि मिरच्यांची दोन खोकी बघून
आवाज न करता तसंच परत ठेवलं,
झोपलेल्या बाळावर ठेवतात तसं.

मला ओळखलं नाही आजीनं. शिडी ओळखली.
"आज सतरा आणि अठराची पाळी," म्हणाली.
लिफ्टनं दोन-दोन आणते, बारा दिवसांनी फेरा पुरा होतो,
पावसाचा दिवस धरायचा नाही.
घमेलं लिफ्टच्या दारात मावतं,
भोपळा मावत नाही.

एकविसाचं काय झालं, विचारायचं राहून गेलं.
वरून माणूस हाका मारत होता,
कपाट हवेत होतं.