छाट

कारखान्यात माझा नंबर एकशे सात.
मांडीवर सूप, रोजच्या हजार विड्या,
पान, चिमूट, गुंडाळी, दोरा,
डोळे मिटले तरी बोटं थांबत नसत.
चेकर एक विडी उचलायचा,
वाकडी दिसली की मूठभर बाजूला:
छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
बावीस वर्षं मी वाकडं ओळखायला शिकले.

मग खोकला वाढला, आणि अक्कलकोट रोडच्या ह्या शाळेत
मावशी म्हणून लागले.
शेजारी यंत्रमाग दिवसभर खडखडतात,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा थरथरतं.
पहिल्याच दिवशी जमादार मॅडम म्हणाल्या,
"यल्लम्मा, तुझं काम अवघड आहे.
हात मागे बांधायचे."

समोर स्रवंती, वय वर्षं नऊ,
आणि गणवेशाचं एक बटण.
डावा हात तिचं ऐकतो.
उजवा निघतो वेळेवर,
पण वाटेत कुणाकुणाला भेटत येतो.
बटण काजाच्या तोंडाशी, पुन्हा निसटलं.
माझी बोटं पाठीमागे एकमेकांना चिमटे काढतायत.
अकरा मिनिटं.
अकरा मिनिटांत मी किती विड्या वळल्या असत्या
ते मोजू नये म्हणून
मी खिडकीतून रंगीत सुताच्या लडी मोजल्या.

लागलं शेवटी. वरचं बटण खालच्या काजात.
दिवसभर हिंडली तशीच,
एक खांदा उंच, एक खाली.
कुणी छाटलं नाही.

भिंतीवर तिचा तक्ता आहे, चित्रांचा:
बूट, डबा, पाण्याची बाटली, बाथरूम,
पाय ताणायची चटई.
झालं की तीच टिकली चिकटवते,
आईच्या पाकिटातली, मरून.
आई पहिले पंधरा दिवस दारात उभी असायची,
"चिन्नपिल्ला आहे मॅडम, मी भरवते ना."
मॅडम म्हणायच्या, बसा, चहा घ्या.
आईचा चहा गार व्हायचा.
आत स्रवंती कडक भाकरीवर मूठ आपटायची,
तुकडे उडायचे, एखादा माझ्या पदरात,
मग चमचा, चादरीची चिंधी गुंडाळून जाड केलेला,
शेंगाचटणी हनुवटीला, गळ्याला,
आणि थोडी, खरंच थोडी, तोंडात.
आरसाही तिलाच द्यायचा. तोंड तिनंच पुसायचं.

बाथरूममधला दांडा तिच्या बापानं बसवला,
भंगारातल्या मागाचा पाईप घासून.
दाराबाहेर मी शंभर आकडे म्हणते.
आतून ती ओरडते, "मावशी, हळू मोज!"

मार्चमधली गोष्ट. वीज गेलेली, पत्रे तापलेले.
घरी जायची वेळ, रिक्षावाल्याचा हॉर्न,
आणि स्रवंती बूट मांडीवर घेऊन गप्प.
मी हात मागे.
तिनं वर बघितलं.
"आज दमले मी. पायात मी घालते.
पट्टा तू लाव. जास्त आवळू नको."

मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.
मी मॅडमकडे बघितलं, चोरी पकडल्यासारखं.
"लाव की," त्या म्हणाल्या, "तिनं सांगितलंय ना."
आणि तक्त्यातल्या शेवटच्या चित्रावर
स्रवंतीनं स्वतः टिकली लावली.
दोन हात होते तिथं, शेजारी शेजारी.
वर्षभर मी तो नमस्कार समजत होते.

त्या रात्री नळाला पाणी आलं, चौथ्या दिवशी.
सून दारात, लेक मोबाईलवर,
हंडा भरून वाहायला लागला.
मनगट केव्हाचं ठणकत होतं, कारखान्यापासूनचं.
मी म्हटलं, "दमले मी.
हंडा तुम्ही आत घ्या. कळशी मी आणते."

दोघं बघत राहिली माझ्याकडे.
पाणी पायरीवरून गटारीकडे निघालं होतं.
मी हात मागे बांधले
आणि मनातल्या मनात, हळू,
मोजायला लागले.