दोनशे बारावा पुठ्ठा

किल्ल्याच्या भिंतीवर काय दाखवायचं
यावर तीन बैठका झाल्या.
पहिलीत चहा, दुसरीत चहा आणि कुंदा,
तिसरीत नुसतं पाणी.
अक्षरं नकोत, एवढंच ठरलं.
कुठली वर, कुठली मोठी, कुठली आधी
हे मोजायला
बेळगावात फूटपट्ट्या पुष्कळ आहेत.

म्हणून मी वडगावातून माळ आणली.
बंद मागाच्या डोक्यावर लोंबणारे जकार्डचे पुठ्ठे,
दोऱ्यात ओवलेले, कडा उंदरांनी खाल्लेल्या,
एकूण तीनशे अठ्ठ्याऐंशी.
भोक असेल तिथं धागा उचलायचा,
नसेल तिथं पडू द्यायचा,
बस्स, एवढीच बाराखडी.
भंगारवाला किलोनं नेणार होता.
मीही किलोनंच घेतले, वर दहा रुपये.

रेहानानं अकरा रात्री
एकेक पुठ्ठा दिव्यावर ठेवून फोटो काढले,
ओळीखाली ओळ लावत गेली.
कॅम्पातला इनास प्रोजेक्टर सांभाळायचा,
आणि मी दोघांच्या शिव्या.
चाचणी रात्री दोनला. मध्ये खंदक, खंदकावर धुकं,
उजेड निम्म्या वाटेत दूध होऊन सांडायचा.
"भिंत कुठाय बे?" इनास ओरडला.
आम्ही मशीन पुढं ओढलं, पुन्हा ओढलं,
भाजलेली रताळी खिशात ठेवून
बोटं शेकत राहिलो.

उत्सवाच्या संध्याकाळी धुकं उशिरा आलं.
दगडावर वरून खाली, ओळ ओळ करत
काठ उतरला,
कोयरी, मग वेल, मग पोपटांची रांग,
बुरुजाएवढा पदर.
मधल्या फटीतलं गवत जरीसारखं हललं.
बंदोबस्ताच्या हवालदारानं
टोपी काढून टकलावर फूल पडू दिलं
आणि इकडंतिकडं बघून परत घातली.

तेवढ्यात मफलरमधून कुणीतरी म्हणालं,
"दोनशे बारा."
पहिल्यांदा आम्हाला वाटलं, खुर्चीचा नंबर.
"दोनशे बारावा पुठ्ठा. पोपटाला डोळा नाही."

मल्लेशप्पा कामकर. खासबाग.
पुठ्ठे ठोकणारा.
"मीच ठोकला. शिमग्याच्या आदल्या रात्री,
लाईट गेलेली, कंदिलावर.
एक भोक राहिलं.
एकशे साठ साड्या गेल्या त्याच्यावर.
सांगलीत, म्हापशात, कुठं कुठं
बायका आंधळे पोपट घेऊन फिरल्या असतील.
एकानंही परत पाठवली नाही बघा."
हे त्यानं तक्रार करावी तसं सांगितलं.

एक ठिपका. रेहानाचं बोट बटणावर होतंच.
"आत्ता घालते डोळा, काका."
तो भिंतीकडं बघत राहिला.
चाळीस वर्षं हाताएवढी असलेली चूक
आता चाळीस फूट होती.
"राहू दे," म्हणाला. "उद्या हिला आणतो."

दुसऱ्या रात्री गंगव्वाला घेऊन आला,
घोंगडीत गुंडाळलेली, रिक्षातून,
गुडघ्यांवर हात ठेवत उतरली.
त्यानं बोट वर केलं. काही बोलला नाही.
ती बघत राहिली, पदर पूर्ण उतरेपर्यंत,
आणि म्हणाली, "गोत्तित्तु."

माहीत होतं.
तेवढं कन्नड आम्हा तिघांनाही कळतं.

कांड्या तीच भरायची.
दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला दिसलं होतं,
कापड चार हात पुढं गेलेलं.
सांगितलं असतं तर माग थांबला असता,
आणि सावकाराचा माणूस दुपारी यायचा होता.
मग सांगायचं राहूनच गेलं,
पोरं झाली, माग विकला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं.
मल्लेशप्पा मफलर सोडून
पुन्हा गुंडाळू लागला. बराच वेळ गुंडाळत होता.
वरून पोपट पुन्हा उतरू लागले.
ती पहिल्यांदाच हसली, तोंडावर घोंगडी धरून.

पाचव्या रात्री आम्ही वायरी गुंडाळल्या.
भिंत होती तशी काळी, ओली.
निघताना तो येऊन उभा राहिला,
पुठ्ठा मागितला. दोरा मीच कापून दिला.
घरी नेऊन त्याचं काय केलं,
मी विचारलं नाही.
माळेत आता तीनशे सत्त्याऐंशी आहेत.
मोजताना हात
अजून तिथं अडखळतो.