किंगपिन

निंबाखाली तीन दिवसांपासून ट्रक गुडघ्यावर.
खाली सागाचे ओंडके, एक जॅक देवमनचा,
एक मोर्शीहून मागून आणलेला, तेल गळणारा.

किंगपिन निघेना.
रॉकेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
सकाळी घण.
माय ओसरीतून म्हणाली,
त्या हातानं ढेपीच्या बादलीले शिवू नोका.

अकराव्या घावाला निघाली.
बुशाभोवती गुंडाळलेली पत्र्याची पट्टी,
तुपाच्या डब्याची, कातरीनं कापलेली,
पिवळ्यावर हिरवं अर्धं झाड
अजून ओळखू येणारं.
बाबांचं काम. बिल नाही, तारीख नाही.

देवमन म्हणाला, फेक ना बे.
मी पुसून खिशात टाकली.

नवे बुश, नवी बेअरिंग, शिम मापात.
संत्र्याचे रिकामे क्रेट भरून
वरुडच्या रस्त्याला काढली
तर गाडी सरळ,
पेरणीआधी वावरात दोरी ताणावी तशी.

मीच तेवढा
डावीकडे ओढायच्या तिच्या जुन्या खोडीसाठी
स्टेअरिंग उजवीकडे दाबून बसलेलो,
जसे बाबा बसायचे,
आणि दोनदा
सामोरून येणाऱ्या बंडीवर जाता जाता राहिलो.
दुसऱ्या बंडीवाल्यानं
शिवीसुद्धा बाबांचं नाव घेऊनच दिली.