डावीकडची सीट

रुस्तावीच्या गाडीबाजारात चिखलात उभी होती ती,
चंदेरी, बुटकी, पुढचा बंपर नाही,
जशी दात काढून घेतलेली बाई हसू दाबून उभी असते.
विकणारा म्हणाला, जपानहून बोटीनं आलीय,
एका म्हातारीची होती, फक्त दवाखान्यापर्यंत जायची.
सगळ्याच गाड्या एका म्हातारीच्या असतात.
त्सिआलानं दार उघडून नाक आत घातलं,
म्हणाली, खोटं नाही बोलत, औषधाचा वास येतोय.
दोन डुकरं आणि तिचं शिलाई मशीन,
एवढ्यात आली घरी.

स्टिअरिंग उजवीकडे.
आणि आमचा सगळा देश रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतो.
म्हणजे ट्रकच्या मागे अडकलं
की मला दिसणार ट्रकचं ढुंगण
आणि कडेचं गवत.
समोरून काय येतंय
ते डावीकडच्या सीटवर बसलेल्याला.
खिडकीतून मान काढून ती सांगायची:
थांब.
थांब, बस आहे.
थांब, तुर्की ट्रक, मागे अजून एक,
थांब रे,
आता!
त्या एका 'आता'वर मी काहीही न बघता
पाय दाबायचो.
अकरा वर्षं, रिकोतीच्या घाटात, धुक्यातसुद्धा.
लग्नात पाद्र्यासमोर काय कबूल केलं होतं
ते आता नीट आठवत नाही.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डातून एक बाई
जपानीत काहीतरी बोलते.
कार्ड घाला म्हणते, कुणी म्हणतं. कुणी म्हणतं, शुभ प्रभात.
त्सिआला रोज उत्तर द्यायची, तुलाही गं बाई.
गोचानं विचारलं होतं, हिचं तोंड बंद करू? पंधरा लारी.
ती म्हणाली, राहू दे,
घरात एवढं मऊ दुसरं कोण बोलतं?

गोचा म्हणतो गिअरबॉक्सला तेल हिचंच घालायचं,
स्वस्तातलं घातलंस तर थंडीत मागे घेताना
पाणी पाजलेल्या कुत्र्यासारखी थरथरेल.
घातलं होतं. थरथरते.
सकाळी दोन मिनिटं उभी ठेवतो, मग ऐकते.
मागच्या दिव्यात पाणी साचायचं,
खाली ड्रिलनं भोक पाडलं, आता रडून मोकळी होते.
बंपर मिळाला, पण लाल. तारेनं बांधला.
वर्षाच्या तपासणीला मेहुण्याचे टायर,
संध्याकाळी परत, माझे मला, त्याचे त्याला.

दोन वर्षांपूर्वी त्सिआला बारीला गेली, इटलीत,
एका म्हातारीला सांभाळायला.
आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका
एकेका म्हातारीकडे गेल्यात.
कुताइसीच्या विमानतळापर्यंत
ती माझ्या डावीकडे बसून सांगत होती, थांब, थांब, आता.
पैसे पाठवते.
गेल्या महिन्यातले शॉक ॲब्झॉर्बरला गेले.
मी तिला सांगितलं, दाताला.

आज लेकीकडे गोरीला निघालोय,
डावीकडच्या सीटवर चीजची बादली,
तिला पट्टा लावलाय, नाहीतर गाडी टीं टीं करत बसते.
झेस्ताफोनीपासून एका ट्रकच्या मागे आहे.
मागचे हॉर्न मारतात, शिव्या देत पुढे जातात.
जावोत.
नवा चौपदरी रस्ता होतोय,
गोचा म्हणतो, मग तुला कुणीही लागणार नाही.

फोन वाजला. बादलीच्या झाकणावर ठेवून मोठा केला.
कुठे आहेस?
घाटात.
पुढे काय आहे?
कोबी.
कोबीच्या पुढे?
ते मला कसं दिसणार, त्सिआला?

बराच वेळ नुसतं इंजिन.
तिच्याकडे ती म्हातारी खोकली, भांडं वाजलं,
आणि जाता जाता, सवयीनं, ती म्हणाली,
थांब.

ट्रकवरून एक पान उडालं
आणि काचेवर चिकटलं, तिच्या बाजूला.
तिकडचा वायपर नवा आहे.
मागच्याच आठवड्यात बदलला.